हॉटेलसमोर १०० फुटी तिरंगा उभारायचाय, परवानगी नेमकी कशाची लागते?

हॉटेलवाला, सातारा-कऱ्हाड रस्ता

राम राम मंडळी. पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून माझं हॉटेल आहे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि मग हे हॉटेल टाकलं. मागच्या पावसाळ्यात ते गेले. वर्षश्राद्धाच्या आत हॉटेलपुढच्या मोकळ्या जागेत १०० फुटी खांबावर तिरंगा चढवायचा, असं मी तेराव्यालाच घरात बोललो होतो.

ठेकेदार म्हणाला, “शेठ, झेंड्याला कोण अडवतंय? परवानगीच्या नादाला लागू नका.” ग्रामपंचायतीतही तोंडी हो म्हणाले. मी ॲडव्हान्स दिला, आठ फूट खड्डा काढला. आता पत्र आलंय: विनापरवाना बांधकाम थांबवा, सात दिवसांत कागद दाखवा.

तक्रार शेजारच्या नर्सरीवाल्या काकांनी केली. त्यांची शेड खड्ड्यापासून ६० फुटांवर आहे आणि तिथे दिवसभर आठ-दहा बायका रोपांच्या पिशव्या भरतात. हे कळल्यावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरं तुटून पडली. काकांना देशद्रोही म्हटलं, त्यांच्याकडून रोपं घेऊ नका म्हणून मेसेज फिरवले. मी त्यात एक शब्दही लिहिला नाही, पण थांबवलंही नाही. माझ्या वडिलांना या काकांनी खांदा दिलाय. चार रात्री झाल्या, झोप नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. आपल्याच जागेत झेंडा लावायला खरंच परवानगी लागते का? आणि खांबाच्या मधोमध हॉटेलचा बोर्ड लावला तर चालेल का? ठेकेदार म्हणतो, तेवढ्यात खर्च वसूल होतो.

वकील, सातारा

झेंडा आणि खांब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा सगळा घोळ दोन्ही एकत्र धरल्यामुळे झालाय.

झेंड्याचा प्रश्न एका कारखानदारानेच सोडवून ठेवलाय. नवीन जिंदाल रायगडच्या कारखान्यावर रोज तिरंगा लावत. आपलं रायगड नव्हे, आता छत्तीसगडमध्ये आहे ते. तेव्हाच्या ध्वजसंहितेत सामान्य नागरिकाला ठरावीक दिवशीच मुभा होती, म्हणून अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, १९९५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) खालचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. पण त्याच निकालात हेही आहे, की हा हक्क अमर्याद नाही. जुलै २०२२ पासून तर रात्रीही ठेवता येतो. तेव्हा झेंड्यासाठी तुम्हाला कुणाच्या दारात जायची गरज नाही.

खांब मात्र बांधकाम आहे. आठ फूट पाया, १०० फूट लोखंड. त्याला नियोजन प्राधिकरणाची मंजुरी हवी, आणि गावठाणाबाहेरच्या जमिनीवर ग्रामपंचायतीच्या तोंडी होकाराला काही किंमत नाही. वर तुम्ही राष्ट्रीय महामार्गाला लागून आहात. रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटर बिल्डिंग लाइन (तिच्या आत बांधकाम नाही) आणि ७५ मीटर कंट्रोल लाइन (तिच्या आत परवानगीनेच बांधकाम) असते. खड्डा त्यात येतो का, हे आधी टेप लावून बघा. नोटिशीला सातव्या दिवसाच्या आत लेखी उत्तर द्या. त्यात जिंदाल निकाल जोडू नका. तुम्हाला कुणी झेंडा काढा म्हटलेलंच नाही, मग तो निकाल तिथे काय करणार?

बोर्डाचं उत्तर सरळ नाही असं आहे. झेंड्याच्या काठीला जाहिरातीचा फलक बांधता येत नाही, ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलंय. त्या झेंड्याच्या वर किंवा बरोबरीने दुसरा झेंडाही नको.

मास्ट फिटर, कोल्हापूर

दादा, वकीलसाहेबांनी कागदाचं सांगितलं. मी लोखंडाचं सांगतो. पंधरा वर्षं हायमास्ट, म्हणजे चौकातले उंच दिव्यांचे खांब, आणि झेंड्याचे खांब उभे करतोय.

पहिलं म्हणजे ठेकेदाराकडे डिझाइनचा कागद माग. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा, त्याच्या तोंडचा नको. बांधकामावरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्याच्या भाग ३ मध्ये पुण्याकडे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो होतो. १०० फुटी खांबावर बहुतेक ३० बाय २० फुटांचा झेंडा लावतात, म्हणजे जवळजवळ ५६ चौरस मीटर कापड. फडकणारा झेंडा पत्र्यासारखा ताठ नसतो, त्यामुळे सगळा दाब तो घेत नाही. पण जेवढा घेतो तेवढा खांबाच्या अगदी शेंड्याला ओढ देतो आणि त्याचा सगळा हिसका बुडाला बसतो. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वळवाच्या वादळात जो खांब झोपतो तो मधून क्वचितच मोडतो. बुडातून जातो. बोल्ट उपटतात नाहीतर पायाच कलंडतो.

म्हणून विचारतो, खड्ड्यात काय लागलं? काळी माती की मुरूम? मातीची चाचणी केली का? आठ फूट हा आकडा त्याने कुठून आणला? काळ्या मातीत तोच पाया पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात सोडतो. फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेट (भोकं पाडलेला मापाचा साचा) लावून बसवायचे, काँक्रीटला २८ दिवस द्यायचे आणि मगच क्रेन बोलवायची. वर्षश्राद्धाची तारीख गाठायची म्हणून दहाव्या दिवशी खांब उभा करणारे मी पाहिलेत. तसं करू नको. गंज धरू नये म्हणून आतून-बाहेरून गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर), वर वीजरोधक, अर्थिंग, लाल दिवा. आसपास विमानतळ असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या नकाशात जागेची उंची तपासावी लागते.

आता काकांचं. शेड ६० फुटांवर, खांब १०० फूट. याला इंजिनिअर कशाला पाहिजे? खांब पडला तर शेडवर पडतो, पिशव्या भरणाऱ्या बायकांवर पडतो. पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्याला एप्रिल २०२३ मध्ये होर्डिंग पडून पाच माणसं गेली. वादळ आलं म्हणून ती आडोशाला तिथे थांबली होती. घाटकोपरला १३ मे २०२४ ला १७ गेली. होर्डिंगवर कपड्याची जाहिरात आहे की देवाचा फोटो की झेंडा, हे वाऱ्याला कळत नाही. काका बरोबर बोलतायत, आणि तुझ्या गावात तेवढं बोलणारा एकच माणूस निघाला.

खर्चाचंही ऐक. खांब एकदाच होतो, कापड पुन्हापुन्हा. पंजाबात अटारी सीमेवर २०१७ मध्ये ३६० फुटांवर झेंडा चढवला, तर वाऱ्याने तो परत परत फाटला. आपल्या कोल्हापुरातला पोलीस उद्यानातला खांब ३०३ फुटांचा. एवढ्या उंचीवर कापड काय खातं ते आम्हाला माहीत आहे. तुझ्या उंचीला वारा कमी, पण महामार्गाची मोकळी हवा आहे, झेंड्याचं फडकतं टोक उसवणारच. फाटका झेंडा ठेवता येत नाही. उतरवायचा, आणि नष्ट करायचा तो खाजगीत, मानाने. म्हणून दोन झेंडे कायम घडी करून तयार ठेव आणि झेंडा वर-खाली करणारं विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) चालवायला हॉटेलातला एक माणूस शिकव. वादळाचा इशारा आला की झेंडा खाली. हे वर्षानुवर्षं जमणार असेल तरच १०० फूट. मला विचारशील तर ५० फूट कर, झेंडा त्याच्या मापाचा लाव. हॉटेलात जेवायला थांबलेल्या माणसाला मान वर केली की अशोकचक्र दिसेल.

शार्लटहून एक वाचक

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते. आमच्याकडून उत्तरेला आय-७७ महामार्गाने गेलं की स्टेट्सव्हिल लागतं. तिथला झेंड्याचा वाद २०१९ मध्ये देशभर गाजला, म्हणून लिहितेय.

गँडर आरव्ही हे फिरत्या घरांच्या गाड्या विकणारं दुकान, कॅम्पिंग वर्ल्ड कंपनीचं. १३० फुटी खांबावर ४० बाय ८० फुटांचा अमेरिकन झेंडा. शहराच्या नियमात तेव्हा कमाल माप २५ बाय ४० फूट होतं, म्हणजे झेंडा तिपटीहून मोठा. शहराने ऑक्टोबर २०१८ पासून दिवसाला ५० डॉलर दंड लावला आणि पुढे कोर्टात गेलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मार्कस लेमोनिस म्हणाले, तुरुंगात जाईन पण झेंडा उतरवणार नाही. ऑनलाइन अर्जावर लाखोंनी सह्या केल्या. शहर सांगत राहिलं, की आमचं भांडण झेंड्याशी नाही, मापाशी आहे. पण त्या गदारोळात मापाबद्दल ऐकायला कुणी तयार नव्हतं. झेंडा काही उतरला नाही.

मला तेव्हा वाईट वाटलं ते पालिकेत फोन उचलणाऱ्या लोकांचं. नियम पाळा म्हणणारा माणूस एका रात्रीत झेंड्याचा शत्रू ठरतो. दादा, तुमच्या काकांचं तेच झालंय, आणि स्टेट्सव्हिलला लाखो लोक होते, तुमच्याकडे एक ग्रुप आहे. तिथे तुमच्या एका मेसेजने फरक पडेल. आजच लिहा.

हॉटेलवाला, सातारा-कऱ्हाड रस्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री ग्रुपवर लिहिलं, “तक्रार बरोबर आहे, चूक माझी आहे, काकांबद्दल यापुढे कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे.” रोपं घेऊ नका म्हणणाऱ्या दोघांनी मेसेज काढून टाकले.

सकाळी टेप घेऊन काकांकडे गेलो. खड्डा रस्त्याच्या मध्यापासून ३१ मीटरवर निघाला, म्हणजे तो तसाही चुकलेलाच होता. मागच्या बाजूला विहिरीजवळ जागा आहे. तिथून रस्ता, शेड आणि माझं स्वयंपाकघर, सगळं ७० फुटांच्या पलीकडे राहतं. खांब ५० फुटांचा करतोय. बोर्ड नाही. चौथऱ्यावर वडिलांचं नाव, हुद्दा आणि पलटण, एवढंच. वर्षश्राद्धाला नाही जमलं तर नाही. सध्या अंगणात साध्या काठीवर छोटा तिरंगा लावलाय.

जुना खड्डा बुजवायला काकांनी त्यांचा ट्रॅक्टर दिलाय. फिटरदादा, विहिरीजवळ तीन फुटांवर मुरूम लागतो, खाली पाणी आहे. मातीची चाचणी करणारं कऱ्हाडात कुणी माहीत आहे का? आणि विहीर इतकी जवळ असली तर पायाला काही वेगळं करावं लागतं का?

मास्ट फिटर, कोल्हापूर

विहिरीच्या कडेपासून पाया किती लांब आहे, आणि विहीर बांधलेली आहे की कच्ची, हे आधी कळव. कच्ची असेल तर ती जागा सोड. फोटो टाक. रविवारी कऱ्हाडला काम आहे, येताना बघून जातो.