दोनशे चौरस मीटर, दीड लाख रुपये, मातीविना टोमॅटो: डिचोलीत जमेल काय?

परतलेला_तारवटी
नमस्कार मंडळी. पंधरा वर्षं बोटीवर काढली, त्यातली शेवटची सहा गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. आता कायमचा घरी आलोय. डिचोलीच्या बाजूला घराला लागून कुळागर (पोफळीची बाग) आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला दोनशे चौरस मीटरचा सपाट तुकडा मोकळा पडलाय. सगळा चिरा, जांभा दगड. कुदळ मारली की ठिणगी उडते, म्हणून माती नकोच. हायड्रोपोनिक्स करायचं मनात आहे. मुख्य टोमॅटो, जोडीला काकडी आणि ढब्बू मिरची.

बजेट दीड लाख, सगळं धरून. कर्ज काढणार नाही. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं. विजेचं तुम्हाला माहीतच. पाइपमधून खताचं पाणी फिरवायचं ते एनएफटी घेऊ की बादल्यांचं, ज्याला डच बकेट म्हणतात ते? पॉलिहाउस लागेलच का? आणि तयार किट घ्यावं की घरी जुळवावं?

आई म्हणते अळसांदे (आपली गावठी चवळी) पेर. तो सल्ला सोडून बोला.

कुळागरी_फोंडा
अळसांदे पेर.

पर्वरीचो_पात्रांव
दीड लाखात काही होत नाही, उगाच हात पोळून घ्याल. मी एक हजार मीटरचं पॉलिहाउस घातलं, फॅन-पॅड, ऑटोमॅटिक डोसिंग, सगळं मोबाइलवर. लंडनला मुलाकडे गेलो होतो तेव्हा तिथून मोटर चालू केली. खर्च विचारू नका. पण काम करायचं तर नीट करावं, नाहीतर करू नये.

सत्तरीचो_गवो
पात्रांव, फॅन-पॅड गोव्यात? हवा कोरडी असेल तर पॅडमधलं पाणी उडून गारवा येतो. आमच्याकडे मे महिन्यात हवाच घामेजलेली, पाणी उडणार कुठं? दुपारी दोनला आत तापमान किती असतं ते मोबाइलवर बघून सांगा.

पर्वरीचो_पात्रांव
एप्रिल-मेला मी पीक घेतच नाही. तेव्हा बंद ठेवतो.

सत्तरीचो_गवो
म्हणजे उत्तर मिळालं.

ताळगावची_पालेभाजी
एनएफटीचा अनुभव माझ्याकडून घ्या, फुकट आहे. दोन वर्षं लेट्युस केलं, सहाशे रोपं. एप्रिलमध्ये कुंभारजुव्याला लग्नाला गेले होते. दुपारी वीज गेली आणि परत आली तेव्हा दाब असा आला की पंप जळला. संध्याकाळी घरी आले तर सगळी रोपं उकडलेल्या पाल्यासारखी आडवी. एनएफटीत पाण्याचा नुसता पापुद्रा वाहत असतो, तो थांबला की उन्हाळ्यात तासाभरात मुळं सुकायला लागतात. दुसरं म्हणजे टाकीतलं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात. वास येतो. तो वास आला की समजा गेलं.

टोमॅटो तर एनएफटीत लावूच नका. त्याची मुळं दाढीसारखी वाढतात, पाइप तुंबवतात. किट देणाऱ्याने मला हे सांगितलं नव्हतं. त्याने तर स्ट्रॉबेरीसुद्धा होईल म्हटलं होतं. नाव घेत नाही.

कुडचड्याचा_बाबू
एनएफटी नको. वीज गेली की मुळं सुकतात.

ताळगावची_पालेभाजी
हो बाबा, तेच लिहिलंय वर.

माजी_मास्तर_साखळी
विषय गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पाणी. किट, बादल्या, पॉलिहाउस नंतर. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी साधारण मऊ असतं, क्षार कमी, सामू थोडा आम्लाकडे. हायड्रोपोनिक्सला हे वरदान, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही नसतं, ते तुम्हालाच घालावं लागेल. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्चनंतर खारटतात, तुमची डिचोलीची तशी होणार नाही. तरी पाणी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट जिवाणूजन्य मर रोग. आमच्याकडे टोमॅटो आणि वांगी हिरवीगार असताना दोन दिवसांत मान टाकतात ती याच जिवाणूमुळे. ओळखायचं कसं? खोड बुंध्याजवळ तिरपं कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला तर मरच. जमिनीवर लावलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. हा जिवाणू पाण्यातून, रोपांतून, चिखलाच्या चपलेवरून येतो. आणि तुम्ही तेच पाणी गोल फिरवत राहिलात तर एका झाडाचं दुखणं दुपारपर्यंत सगळ्यांना.

म्हणून माझं मत: पाणी फिरवूच नका. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिशव्या, वरून ड्रिप, खालून जादा पाणी निघून जाऊ द्या. तुम्ही म्हणता कुळागर खालच्या अंगाला आहे. मग चर काढून तो निचरा पोफळींना सोडा, खताचं पाणी आहे, सुपारी दुवा देईल. वीज दोन तास गेली तरी कोकोपीट ओल धरून ठेवतं.

वाण अर्का रक्षक घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा आहे, पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा तिन्हींना तोंड देतो. जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा जाऊन या. कलमी रोपांची चौकशी करा, रानवांग्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम बांधलेलं मरीला दाद देत नाही.

काणकोणची_मिरची
मास्तर, उत्तम. पण एक राहिलं. कोकोपीट विकत आणून तसंच भरू नका. नारळाच्या सोडणातच सोडियम आणि पोटॅशियम असतं. ते सोडून कोकोपीट कॅल्शियम पकडून ठेवतं आणि टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडतो. मी पहिल्या वर्षी शंभर किलोभर अशी फळं गायीला घातली. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, मग निचऱ्याची ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.५च्या आसपास येईपर्यंत धुवायचं.

पंपवाला
खताबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. कॅल्शियम नायट्रेट एका ड्रमात. मॅग्नेशियम सल्फेट, ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं खत) आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं दुसऱ्या ड्रमात. दाट द्रावण असताना दोन्ही एकत्र केलीत तर खाली जिप्सम बसतं. मी केलं होतं. ड्रमात ताक घुसळल्यासारखं झालं आणि दोनशे ड्रिपर सुई घेऊन साफ केले, बायको अजून बोलते.

आणि १९:१९:१९ हे मिश्र खत वापरू नका. त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू ते फोडतात. कोकोपीटमध्ये ती फौज कुठली? शिवाय त्यात कॅल्शियम नाहीच.

कुडचड्याचा_बाबू
मी १९:१९:१९ वर कुंडीत टोमॅटो घेतलेत. मस्त आले.

पंपवाला
कुंडीत माती होती की नाही?

कुडचड्याचा_बाबू
होती.

गिरीचा_इंजिनिअर
टोमॅटोला खताचं पाणी १७५० पीपीएम ठेवा. मी तेवढंच ठेवतो.

काणकोणची_मिरची
१७५० फार झालं, १२५० ठेवा.

गिरीचा_इंजिनिअर
मॅडम, मी पाच वर्षं करतोय.

काणकोणची_मिरची
मी सात.

माजी_मास्तर_साखळी
दोघंही एकच सांगताय. ईसी २.५ असेल तर काही मीटर तिला ५०० ने गुणतात आणि १२५० दाखवतात, काही ७०० ने गुणतात आणि १७५० दाखवतात. म्हणून पीपीएम बोलूच नये, ईसी बोलावी. रोप लहान असताना १.५, फळं धरली की २.५च्या आसपास. कडक उन्हात थोडी खाली आणा, झाड पाणी जास्त पितं. सामू ५.५ ते ६.५.

गिरीचा_इंजिनिअर
माझा मीटर महागातला आहे.

पेडण्याचा_दादा
ते सगळं खरं, पण माकडांचं काय? मोपाच्या पठारावरून माकडं आता आमच्या परसात राहायलाच आलीत. शेडनेट फाडतात, कच्चे टोमॅटो तोडतात, एक घास खाऊन फेकतात. मोर वेगळे. कुत्रा ठेवला, त्याची आणि माकडांची दोस्ती झाली.

सत्तरीचो_गवो
आमच्याकडे गवे येतात. माकडं परवडली.

डिचोलीचा_वकील
आधी एक-चौदाचा उतारा काढा आणि त्यावर कूळ म्हणून कोणाचं नाव आहे का बघा. शेड घातल्यावर भानगडी निघतात. कृषी कार्ड असेल तर शेडनेट-पॉलिहाउसला अनुदान मिळतं, विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. पण आधी मंजुरी आणि मग काम. उलटं केलंत तर बिलं घेऊन फिराल.

पेडण्याचा_दादा
कुळाचा विषय काढलात म्हणून, आमच्या भाटात १९७४ पासून

संपादक
कूळ-मुंडकार स्वतंत्र धाग्यावर. पेडण्याचा_दादा, उरलेला मजकूर तिकडे टाका.

कुळागरी_फोंडा
मातीविना आलेल्या टोमॅटोला चव नसते. पाण्याची पिशवी.

काणकोणची_मिरची
बेळगावहून ट्रकात येणारा कुठं चवीचा असतो? कच्चा तोडतात, रस्त्यात पिकतो. चव वाणाची आणि तोडणीच्या वेळेची. थोडी जादा ईसी ठेवली तर फळ लहान पण गोड येतं.

कुळागरी_फोंडा
असेल. मी खाल्लेला पाण्याची पिशवी होता.

म्हापशाची_भावजय
हिशेब मी मांडते. बाजारात भाजी विकते, पुस्तकातलं नाही.

दोनशे मीटरात वाट सोडून चारशे झाडं बसतील. झाडाला साडेतीन किलो धरा, पहिल्या वर्षी त्याहून जास्त धरू नका. झाले १४०० किलो. थंडीत बेळगावचा माल आला की घाऊक २५ मिळाले तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे ३५ हजार. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीत भाजी मिळत असताना तुमचा टोमॅटो गिऱ्हाइक चढ्या दराने का घेईल? जुलै २०२३ सारखा शंभरीपार दर दरवर्षी येत नाही, आणि आला तेव्हा आपल्याकडे पाऊस कोसळत असतो.

आता खर्च. दर झाडाला १० लिटर कोकोपीट, चारशे झाडांना ४००० लिटर, म्हणजे पाच किलोच्या साठेक विटा. पिशव्या, ड्रिप, दोन ड्रम, टायमर, मीटर, वर प्लास्टिक, जीआय पाइपचा सांगाडा. सांगाड्यातच तुमचे निम्म्याहून जास्त पैसे जाणार. मी असते तर पहिल्या वर्षी शंभर झाडं, बाकी पैसे पेटीत.

माजी_मास्तर_साखळी
भावजयींशी सहमत. आणि हंगाम: गणपतीची चवथ झाली की रोपं टाका, ऑक्टोबरात लावा, मार्चपर्यंत काढून मोकळे व्हा. रात्र गरम राहिली की टोमॅटोला फूल येतं आणि गळतं. दमट हवेत परागही चिकटून बसतात. सकाळी दहाच्या सुमारास झाडं बांधलेल्या तारेला टिचक्या मारत फिरायचं, तेवढ्यावर फळ धरतं.

पंपवाला
सांगाडा करताना वारा लक्षात घ्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात माझ्या शेजाऱ्याचं प्लास्टिक आमच्या माडावर सापडलं. बाजू उघड्या ठेवा, वर फक्त पावसाचं छप्पर. वारा आरपार गेला पाहिजे.

कुडचड्याचा_बाबू
बाजू उघड्या ठेवा. आणि एनएफटी नको.

परतलेला_तारवटी
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे काही लिहिलं नाही कारण धावपळ चालू होती.

विहिरीचं पाणी तपासलं. ईसी ०.१, सामू ५.९. मास्तर म्हणाले तसंच निघालं. एक-चौदावर दोन काका निघाले, कूळ नाही.

निर्णय सांगतो, रागावू नका. एनएफटीच घेतलं. ताळगावच्या ताईंचे पाइप पडून होते, टाकी आणि स्टँडसकट चाळीस हजारांत दिले.

ताळगावची_पालेभाजी
मी तीनदा विचारलं होतं, नक्की ना?

परतलेला_तारवटी
विचारलं होतं, साक्ष देतो.

टोमॅटो लावत नाही. भावजयींचा ३५ हजारांचा आकडा वाचला आणि रात्रभर झोप आली नाही. सकाळी आठवलं, सहा वर्षं गॅलीत मी रोज काय निवडत होतो? बेझिल, म्हणजे विलायती तुळस. पास्त्याला, पिझ्झाला, सॅलडला. काळी पडलेली पानं वेगळी काढता काढता अर्धी पेटी कचऱ्यात जायची. माझ्याबरोबरचे दोघं आता कळंगुट आणि आश्व्याच्या हॉटेलांत शेफ आहेत. दोघांनाही फोन केला. मुळासकट जिवंत रोप मिळालं तर रोज घेतो म्हणाले. पावसाळ्यात घेणार नाहीत, हॉटेलं अर्धी बंद. लेट्युसपेक्षा बेझिलला गरमी सोसते, ईसी १.२ वर भागतं.

टाकी विहिरीच्या कठड्याला, फणसाच्या सावलीत ठेवलीय. पंप दोन, त्यातला एक बॅटरीवरचा. वर प्लास्टिक, बाजू उघड्या. आतापर्यंत ९२ हजार झाले. देव बरें करूं.

माजी_मास्तर_साखळी
एवढं लिहिलं ते कोणासाठी?

परतलेला_तारवटी
मास्तर, निचरा पोफळींना सोडलाय. टाकी बदलताना.

पर्वरीचो_पात्रांव
बेझिल मी पण करणार होतो. कोणत्या हॉटेलात म्हणालात?

पंपवाला
बेझिलला पावसात पानांच्या खाली करडी बुरशी येते. आत्ताच सांगून ठेवतो.

कुळागरी_फोंडा
आईनं काय म्हटलं?

परतलेला_तारवटी
वास घेतला आणि म्हणाली, ही तुळस नव्हे.

शिवोलीची_गच्ची
नवीन सभासद. सगळा धागा वाचला नाही, क्षमस्व. माझ्या गच्चीत कढीपत्ता वाढत नाही, कोणतं हायड्रोपोनिक किट घेऊ? बजेट दोन हजार.

कुडचड्याचा_बाबू
एनएफटी नको.