घरात क्षयरोगाचा रुग्ण असताना इतरांना नेमका किती धोका असतो?

निशिगंधा:

नमस्कार. माझ्या थोरल्या दिरांना दहा दिवसांपूर्वी फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. त्यांच्या बेडक्यात जंतू सापडले असून, रिफाम्पिसिन हे औषध त्या जंतूंवर लागू पडते, असे अहवालात लिहिले आहे. औषधे दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. आता आठवून पाहिले तर त्यांचा खोकला जवळजवळ तीन महिने चालू होता, पण ते ऋतुमानाने होत असेल असे समजून आम्ही सर्वांनीच त्याकडे दुर्लक्ष केले.

घरात आम्ही सात जण आहोत: मामंजी, त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, सासूबाई, दीर, जाऊबाई, माझे यजमान, मी आणि आमची सव्वादोन वर्षांची मुलगी, जी रोज संध्याकाळी भावजींच्याच कडेवर असायची. निदान झाल्यापासून त्यांची ताटवाटी आणि पांघरूण वेगळे केले आहे, सासूबाई दिवसातून दोनदा जंतुनाशकाने फरशी पुसतात आणि मुलीला काही महिने माझ्या आईकडे पाठवावे असे घरात चालले आहे. मुलीला बीसीजीची लस दिलेली आहे आणि तिला खोकला, ताप काहीही नाही. यजमानांनी चार दिवसांपूर्वी रक्ताची इग्रा चाचणी (क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे पाहणारी) करून घेतली, ती निगेटिव्ह आली.

आमच्यापैकी कोणाला आणि किती धोका आहे, आणि आम्ही जे करत आहोत ते योग्य दिशेने आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

श्वसनवैद्य:

मी छातीच्या विकारांवर बरीच वर्षे उपचार करत आलो आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे धोके एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करतो. जंतू शरीरात शिरणे म्हणजे संसर्ग, आणि त्या जंतूंनी प्रत्यक्ष आजार निर्माण करणे म्हणजे क्षयरोग. पहिली गोष्ट घडलेल्या बहुसंख्य माणसांत दुसरी कधीच घडत नाही. जगातील साधारण एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे असा अंदाज आहे, आणि त्यांच्यापैकी 5 ते 10 टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी आजार होतो.

रुग्णाच्या घरातील माणसांचे चित्र मात्र या सरासरीपेक्षा गडद असते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले की, अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णाच्या संपर्कातील निम्म्याहून किंचित अधिक लोकांना सुप्त संसर्ग (जंतू शरीरात, पण आजार नाही) झालेला असतो आणि सुमारे 3 टक्के लोकांना तपासणीच्या वेळीच आजार असतो. म्हणजे तुमच्या घरात दोघा-तिघांना संसर्ग झालेला असणे मुळीच आश्चर्याचे ठरणार नाही. तो झाला असेल तर त्या तीन महिन्यांत झाला, आज नव्हे.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. रुग्ण खोकतो तेव्हा उडणारे मोठे थेंब खाली पडतात, पण अगदी सूक्ष्म कण, 1 ते 5 मायक्रॉन आकाराचे, बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात आणि तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. ताटवाटी, पांघरूण, फरशी यांतून हा रोग पसरत नाही. सासूबाईंचे कष्ट मनापासूनचे आहेत, पण ते चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहेत. त्याऐवजी खिडक्या उघड्या ठेवा, भावजींची झोपण्याची खोली पहिले काही आठवडे स्वतंत्र आणि हवेशीर असू द्या आणि इतरांच्या सहवासात असताना त्यांनी मास्क लावावा.

औषधे सुरू झाल्यावर संसर्ग पसरवण्याची क्षमता फार लवकर घटते. विसाव्या शतकाच्या पन्नाशीत संशोधक रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील क्षयरोग कक्षातील हवा गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडून पाहिली. मोजक्या काही रुग्णांनीच बहुतेक प्राण्यांना संसर्ग दिला, आणि योग्य औषधे घेणाऱ्यांपासून तो क्वचितच झाला. त्याच सुमारास, 1956 मध्ये, मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांवर घरी आणि निम्म्यांवर आरोग्यधामात उपचार केले गेले व त्यांच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत आजाराचे प्रमाण अधिक आढळले नाही. रुग्णाला घराबाहेर ठेवण्याचा शास्त्रीय आधार तिथेच संपला. भीती मात्र अजून टिकून आहे. साधारण दोन आठवडे नियमित औषधे झाली, खोकला कमी झाला आणि जंतू औषधांना दाद देणारे असले की एकत्र राहण्यास सहसा हरकत नसते.

आता खरी काळजीची जागा. संसर्ग झाल्यापासूनची पहिली दोन वर्षे सर्वांत धोक्याची असतात, आणि हा धोका सर्वांना सारखा नसतो. तुमच्या घरात दोन व्यक्तींचा विचार सर्वांआधी व्हायला हवा. पहिली तुमची मुलगी. पाच वर्षांखालील मुलांत संसर्गाचे आजारात रूपांतर होण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि मूल जितके लहान तितके ते वाढते; शिवाय क्षयजन्य मेंदूज्वरासारखे गंभीर प्रकार याच वयात दिसतात. बीसीजी या गंभीर प्रकारांपासून बरेच संरक्षण देते, पण संसर्ग किंवा फुप्फुसाचा क्षय होणारच नाही याची हमी देत नाही. तिला खोकला नाही ही चांगली गोष्ट आहे, तेवढ्याने मात्र तिची तपासणी टळत नाही. तिला आईकडे पाठवायचे असेल तर अवश्य पाठवा, मात्र तपासणीनंतर पाठवा. आधी पाठवली तर धोका तिच्यासोबतच जाईल. दुसरे मामंजी: मधुमेहामुळे क्षयरोग होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते.

सर्व सहा जणांनी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. लक्षणे विचारणे पुरेसे नाही, कारण सर्वेक्षणांत सापडणाऱ्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना लक्षणे नसतात. आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधात्मक उपचाराचा, म्हणजे पुढे आजार होऊ नये म्हणून आधीच औषधे घेण्याचा, विचार करावा. पाच वर्षांखालील मुलांना तर संसर्गाच्या चाचणीची वाट न पाहता तो द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

वाटसरू:

श्वसनवैद्यांनी यजमानांच्या निगेटिव्ह चाचणीबद्दल काही लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझ्या भावाला क्षयरोग झाला तेव्हा आम्ही एकाच खोलीत झोपत होतो. त्याचे निदान झाल्याच्या आठवड्यातच माझी चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली, आणि ज्या ठिकाणी ती केली तेथे मला सांगण्यात आले की आता काही करण्याची गरज नाही. मी ते आनंदाने मान्य केले, हेही कबूल करतो. दहा महिन्यांनी श्वास घेताना एका बाजूला कळ येऊ लागली. छातीत पाणी झाले होते आणि त्याचे कारण क्षयरोगच निघाले. सहा महिने औषधे घेऊन मी पूर्ण बरा झालो. पण ती चाचणी पुन्हा करायची असते, हे मला त्या दहा महिन्यांत कोणीही सांगितले नव्हते.

श्वसनवैद्य:

वाटसरू यांनी माझी चूक दुरुस्त केली, त्याबद्दल आभार. त्वचेत टोचून करायची मांटू चाचणी असो किंवा रक्ताची इग्रा, दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत. जंतूंना शरीराने दिलेला प्रतिसाद त्या मोजतात आणि तो प्रतिसाद तयार व्हायला 2 ते 8 आठवडे लागतात. त्यामुळे निदानाच्या आठवड्यात आलेली निगेटिव्ह चाचणी अपुरी समजावी आणि शेवटच्या जोखमीच्या संपर्कानंतर 8 ते 10 आठवड्यांनी ती पुन्हा करावी. उलट बाजूही लक्षात असू द्या: चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला असे नाही, कारण सुप्त संसर्ग आणि आजार यांतील फरक या चाचण्यांना कळत नाही. तो एक्स-रे आणि बेडक्याच्या तपासणीतून ठरतो.

तर्कनिष्ठ:

दोन शंका विचारतो, आणि त्या विरोधासाठी नाहीत. पहिली शंका: ज्याला काहीही झालेले नाही त्याला यकृतावर परिणाम करणारी औषधे द्यायची, तीही शंभरातल्या मोजक्यांचा आजार टाळण्यासाठी, हे कितपत योग्य आहे? यातून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होणार नाहीत का? दुसरी शंका: केप टाउनमधील एका वस्तीत जंतूंचे जनुकीय ठसे जुळवून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरातल्या घरात झालेल्या संसर्गाचा वाटा फक्त 19 टक्के निघाला होता. बहुतेक लोकांना संसर्ग बाहेरच होत असेल, तर घरच्यांवरच सारा भार का टाकायचा?

श्वसनवैद्य:

दुसरी शंका आधी घेतो, कारण ती मला अधिक आवडली. तो अभ्यास एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि निशिगंधा यांनी दुसराच प्रश्न विचारला आहे. जिथे रोग फार पसरलेला आहे तिथे एखाद्या रुग्णाला संसर्ग कोठून झाला असेल, असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा घराबाहेर असेच येते, कारण घरात माणसे पाच-सात असतात आणि बाहेर असंख्य. पण ज्याच्या शेजारी तीन महिने रुग्ण खोकत झोपला होता त्याला किती धोका आहे, असे विचारले तर तो रस्त्यावरच्या कोणत्याही माणसापेक्षा कितीतरी अधिक आहे. पहिले उत्तर सार्वजनिक आरोग्याची आखणी करणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, दुसरे एका कुटुंबाच्या.

औषधांबद्दल. प्रतिबंधात्मक उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयसोनायझिड या औषधाचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि तो वयानुसार, तसेच मद्यपान करणाऱ्यांत वाढतो, हे खरे आहे. म्हणून ज्यांना यकृताचा चालू आजार आहे त्यांना ते देत नाहीत, आणि भूक मरणे, उलट्या, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही झाले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यास सांगतात. लहान मुलांत हा त्रास क्वचितच होतो. लाभाची बाजू अशी की प्रतिबंधात्मक उपचार आजाराची शक्यता साधारण 60 ते 90 टक्क्यांनी घटवतो. उपचार आता आटोपशीरही झाले आहेत: पूर्वी सहा किंवा नऊ महिने रोज आयसोनायझिड घ्यावे लागे, आता आयसोनायझिड आणि रिफापेंटिन ही दोन औषधे आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घेता येतात. लहान मुलांसाठी आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन यांची पाण्यात विरघळणारी गोळी तीन महिने रोज देतात.

प्रतिकारक्षम जंतूंची भीती एका परिस्थितीत रास्त आहे: ज्याला आजार झालेला आहे त्याला आजार नाही असे समजून एकट्या आयसोनायझिडवर ठेवले तर. आजारात जंतूंची संख्या प्रचंड असते आणि त्यांत त्या औषधाला न जुमानणारे काही असतातच. सुप्त संसर्गात ती संख्या फारच कमी असते. आधी एक्स-रे, मग गोळ्या, हा क्रम म्हणूनच पाळायचा असतो. भावजींचे जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नसते तर हे उपचार बदलले असते. तशा रुग्णांच्या संपर्कातील लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये सहा महिने रोज लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सुचवले आहे.

मामंजींच्या बाबतीत एक जोड: रिफाम्पिसिन आणि रिफापेंटिन दोन्ही औषधांमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, तेव्हा त्यांची साखर त्या काळात अधिक वेळा तपासावी लागेल.

निशिगंधा:

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही सहाही जणांचे एक्स-रे काढले. पाच जणांचे स्वच्छ आहेत. जाऊबाईंच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो आहे. त्यांना ना खोकला आहे ना ताप, वजनही कमी झालेले नाही. त्यांचा बेडका जनुकीय तपासणीसाठी दिला आहे. मुलीला डॉक्टरांनी तपासले, तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि उद्यापासून त्या सुरू करायच्या आहेत. त्या संपेपर्यंत तिला इथेच ठेवणार आहोत. यजमान दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी करतील. सासूबाईंना फरशीबद्दल समजावले. त्या दिवसातून एकदा पुसण्यावर आल्या आहेत, आणि खिडकी मात्र आता कोणालाही लावू देत नाहीत.

एकच विचारायचे राहिले: मुलीच्या गोळ्या तीन महिने तेवढ्याच द्यायच्या का?

श्वसनवैद्य:

नाही, मात्रा वजनावर ठरते आणि या वयात वजन तीन महिन्यांतही बदलते. दर महिन्याला तिचे वजन करा आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. वजन वाढण्याऐवजी कमी झाले किंवा तिचे खेळणे मंदावले तर महिना पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आणि जाऊबाईंचा अहवाल येईपर्यंत तिला त्यांच्या खोलीत झोपवू नका.