मदत हवी आहे: रिक्षाऐवजी बजाज क्यूट, वाईत परमिट आणि घाटाचं काय?

भावाची रिक्षा आता बदलायला झालीये, परमिट आहे, बॅज (ड्रायव्हरचा बिल्ला) आहे. पावसात रेक्झिनचा पडदा फडफडतो आणि कडेला बसलेला माणूस भिजतोच, म्हणून नवीन रिक्षाऐवजी सेकंडहँड क्यूट बघतोय, चार चाकं, दारं, वर पक्कं छप्पर, ड्रायव्हर धरून चौघं बसतात. २०१९ ची सीएनजी गाडी मिळतेय पण पांढऱ्या नंबर प्लेटची.

इंजिन २१६ सीसी, टॉप स्पीड ७०, एक्सप्रेसवेला बंदी हे सगळं माहितीये, आम्हाला गावातच आणि आठवड्यातून एखादं भाडं पसरणी घाटातून पाचगणीला, एवढंच. एसी नाही तेही चालेल. वॅगन आर घ्या म्हणू नका, बजेट दीड लाख, त्यात पासिंग पण बसवायचंय.

दोन एजंटांना विचारलं, एक म्हणतो पिवळी प्लेट होईल, दुसरा म्हणतो रिक्षाच्या परमिटवर क्वाड्रिसायकल (म्हणजे क्यूटसारखी हलकी चारचाकी) चढतच नाही. गॅरेजवाला तर स्पेअर पार्टचं नाव काढलं की विषय बदलतो.

तर महाराष्ट्रात कोणी खरंच प्रायव्हेट क्यूट टॅक्सी म्हणून पास करून घेतलीये का, कुठली कागदं लागली? आणि तीन पॅसेंजर भरून सीएनजीवर घाट चढते का, की पहिल्या गिअरवरच रडते?