फ्लॉरेन्सला एकच दिवस असेल तर

ग्रुप टूरमध्ये फ्लॉरेन्सला एकच दिवस आहे, काय चुकवू नये, असं कुणीतरी विचारलंय. माझ्या मते मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, आणि तोही मूळ! पलाझ्झो वेक्कियो या जुन्या नगरभवनासमोर उभा आहे ती प्रतिकृती. आमचा ग्रुप तिथेच फोटो काढून पुढे निघाला. मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमिया या संग्रहालयात आहे. दुपारच्या मोकळ्या वेळात आम्ही दोघं तिकडे गेलो. सतरा फुटी संगमरवर, पण नजर खिळली ती उजव्या हातावर. फुगलेल्या शिरा, आवळलेली बोटं. दगडात रक्त वाहतंय असं वाटलं. माझे तर डोळेच भरून आले.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, संग्रहालय सोमवारी बंद असतं. गुडघे दुखत असतील तर तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या सोडा. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीचं ते काम खालूनही डोळे भरून बघता येतं.