पाच-सहा पानांच्या साइटला वर्डप्रेस कशाला? फ्लॅट-फाइल वापरा ना भो

तापीकाठ:
आपल्या जळगाव-धुळ्याकडे कोणी पण साइट करायला काढली, मग ते गावचं वाचनालय असो की केळीवाल्यांची शेतकरी कंपनी, की पोरगा डोळे मिटून वर्डप्रेस टाकतो, वर कुठली तरी फुकटची थीम आणि प्लगइनची रांग, आणि तो नोकरीला पुण्याला गेला की अपडेट बंद. मग एक दिवस साइट हॅक आणि होमपेजवर जुगाराच्या जाहिराती. पानं किती तर आमच्याविषयी, सूचना, फोटो, संपर्क. पावशेर वांग्यांच्या भरताला पंगतीचं पातेलं काढायची काय गरज?
माझं मत, ग्रॅव टाका, वर्डप्रेससारखंच साइट चालवायचं सॉफ्टवेअर, पण फ्लॅट-फाइल, म्हणजे मजकूर डेटाबेसात नाही, साध्या फाइलींत. ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स म्हणजे फुकट वापरा न् बदला, पीएचपी ही भाषा असलेल्या साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं आणि डेटाबेसच नाही. युजर फोल्डरात पेजेस, त्यात प्रत्येक पानाचं एक फोल्डर, आत एक मार्कडाउन फाइल, म्हणजे #, * अशा साध्या खुणा घातलेला मजकूर. फोल्डरच्या नावापुढे ०१, ०२ टाकलं की मेनूचा क्रम लागला. बॅकअप घ्यायचा तर फोल्डर कॉपी करा, विषय संपला.

धुळेकर_भाऊ:
ऐकायला भारी. पण वाचनालयातले काका मार्कडाउन लिहिणार का? त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर चिकटवायचा असतो आणि पब्लिश दाबायचं असतं बस. फाइलच्या डोक्यावर ते यामल असतं ना, शीर्षक वगैरे ठराविक पद्धतीने लिहायचा भाग, तिथे काकांनी शीर्षकात "कानबाई उत्सव: वाचनालय बंद" लिहिलं की मधला कोलन पाहून ते बोंबलणार आणि पानाच्या जागी एरर. सगळं शीर्षक अवतरणचिन्हात टाकायचं हे त्यांना कोण सांगणार? तूच ना, आणि तू पण पुण्यात.

तापीकाठ:
अरे त्यासाठी अ‍ॅडमिन प्लगइन आहे ना ग्रॅवला. ब्राउझरमध्ये लॉगिन करा, फॉर्म भरा, सेव्ह करा, अवतरणचिन्हं तो स्वतः टाकतो. काकांना फाइल दिसत पण नाही.

धुळेकर_भाऊ:
हां, आणि त्याच अ‍ॅडमिन प्लगइनला २०२१ मध्ये लॉगिन न करताच आत घुसता येईल असं भोक निघालं होतं, १.१०.८ आवृत्तीत बुजवलं. ज्याने अपडेट केलं नाही त्याचं काय झालं असेल? डेटाबेस नाही म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन, डेटाबेसला चोरून घातकी हुकूम देणं, नाही एवढंच, सर्व्हरवर चालणारा पीएचपी कोड तर आहेच. "फ्लॅट-फाइल म्हणजे सेफ" हे कृपया कोणाला सांगत फिरू नका.

खापरावरची_पोळी:
मी तापीकाठच्या बाजूने पण कारण वेगळं. आम्ही अहिराणी ओव्या आणि लग्नातली गाणी गोळा करतोय. जुन्या साइटचा डेटाबेस कोणे एके काळी लॅटिन-१ वर, म्हणजे देवनागरी नसलेल्या जुन्या अक्षरपद्धतीवर बसवलेला, तो नवीन होस्टिंगवर हलवताना अर्ध्या देवनागरीची प्रश्नचिन्हं झाली, एका म्हातारीची आख्खी ओवी गेली, आता ती म्हणणारी पण नाही. तेव्हापासून प्रत्येक गाणं एक यूटीएफ-८ (देवनागरी मावणारी अक्षरपद्धत) टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडते, गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की कोणी काय बदललं ते दिसतं. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी गाणं जागेवर राहतं. लॉगिनचीच भीती असेल तर ह्यूगो घ्या, आपल्या कॉम्प्युटरवर एचटीएमएल, म्हणजे तयार पानं, करायची आणि नुसती तीच वर चढवायची, सर्व्हरवर लॉगिनचं पानच नाही.

केळीपट्टा_रावेर:
पोळीताई, गाण्यांपुरतं बराबर शे. पण वर शेतकरी कंपनीचं नाव घेतलंय म्हणून बोलतो. आम्हाला केळीचा रोजचा भाव टाकायचा असतो, मालाच्या प्रतीप्रमाणे वेगळा, आणि शेतकरी विचारतो मागच्या वर्षी याच आठवड्यात काय होता. हे काम डेटाबेसचं. रोज एक फाइल करत बसलो तर दोन-तीन वर्षांत फाइलींचा उकिरडा, शोधायला गेलं की स्वस्तातलं होस्टिंग धापा टाकतं. कॅशने, म्हणजे तयार पान साठवून ठेवल्याने पानं लवकर उघडतील, पण तारीख न् प्रत लावून गाळणी मारायची तर काय कराल?

तापीकाठ:
मान्य, रोजच्या भावाला मी पण फ्लॅट-फाइल म्हणणार नाही. माझा मुद्दा पाच-सहा पानवाल्यांसाठीच होता. त्यांना निदान आख्खी साइट हातात तरी राहते, पेनड्राइव्हवर घालून काकांना देता येते, डेव्हलपर फोन उचलो न उचलो.

धुळेकर_भाऊ:
दे की. आमच्या काकांचा पेनड्राइव्ह नातवाकडे आहे, त्यात डीजेची गाणी भरलीत.