मॉडेल बाळाच्या डोक्याला छाती म्हणतंय

विश्रामबागकर:
बी.ई.चं शेवटचं वर्ष, सांगली. प्रोजेक्टला बार्सिलोनाचा खुला डेटा घेतलाय. 1,792 बायकांचे 12,400 सोनोग्राफी फोटो; डोकं, पोट, मांडीचं हाड, छाती, आईच्या गर्भाशयाचं तोंड आणि 'इतर' असे सहा गट. रेसनेट-18 हे फोटो ओळखणारं मॉडेल शिकवलं, तपासायला बाजूला ठेवलेल्या फोटोंवर (टेस्ट) 98 टक्के आले. हवेतच होतो. रविवारी वहिनींची अ‍ॅनोमली स्कॅनची (बाळात व्यंग आहे का बघायच्या सोनोग्राफीची) फाईल हाताला लागली. डोक्याच्या प्रिंटचा मोबाईलने फोटो काढून मॉडेलला दिला, तर उत्तर 'छाती'. परत काढला, तर 'इतर'. वहिनी बटाटे सोलता सोलता म्हणाल्या, "भावजी, मग माझ्या बाळाचं डोकं गेलं कुठं?"
मिरजेत एवढे दवाखाने आहेत, तिथून हजारेक फोटो मिळतील का? कुणाची ओळख?

कराडचा_कोडवाला:
ओळख राहू दे. शिकवायचे (ट्रेन) आणि तपासायचे (टेस्ट) फोटो वेगळे कसे पाडलेस?

विश्रामबागकर:
सगळे फोटो पिसून 80-20.

कराडचा_कोडवाला:
मग 98 येणारच की लका! एका बाईचे सरासरी सात फोटो आहेत. पाच-सहा ट्रेनमध्ये गेले, एक-दोन टेस्टमध्ये. म्हणजे पेपर आधीच फुटलाय. फोटोंबरोबर सीएसव्ही (तक्त्याची फाईल) आहे ती उघड. पेशंट नंबरचा रकाना आहे, ट्रेनला कुठले घ्यायचे तेही 0-1 ने लिहून ठेवलंय. रकाने अर्धविरामाने तोडलेत, स्वल्पविराम समजून वाचलीस तर सगळा काला होतो. मीपण तिथंच आपटलो होतो.

मिरजेची_रेडिओलॉजिस्ट:
ओळखीवर फोटो मागायला कुणाकडे जाऊ नका. 1994 च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्यामुळे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे आम्ही एफ फॉर्म भरतो. 2017 चं म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण आमच्याच तालुक्यातलं. त्यात फोटोच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि बायकांची लेखी संमती घेऊन या, मग बोलू. लिंग ओळखण्याच्या वाटेला तर चुकूनही जाऊ नका.
आता तुमच्या 'छाती'बद्दल. डोक्याचं माप घेताना आम्ही मधली रेघ बघतो. पुढच्या बाजूला ती सीएसपीच्या (मेंदूतल्या एका पोकळीच्या) छोट्या पेटीपाशी तुटते, मागे दोन्हीकडे थॅलॅमस (मेंदूचेच दोन भाग) दिसतात, आणि सेरेबेलम (लहान मेंदू) दिसलं तर प्रोब तिरका झालाय. छातीच्या आडव्या छेदातही गोलच असतो, आत हृदयाचे चार कप्पे. गोलात रेघा इथंही आणि तिथंही! त्यात तुमचा फोटो थर्मल पेपरचा, कवटीवर मापाची ठिपक्यांची कडी, वरून ट्यूबलाईटची चमक. त्यावरून मीसुद्धा रिपोर्ट देणार नाही.

विश्रामबागकर:
रात्री पेशंटप्रमाणे पाडून परत चालवलं. 93. सर हळहळतील, पण हाच आकडा लावतो. मिरजेचे फोटो रद्द.
वहिनींना सगळं समजावलं. म्हणाल्या, "ते असू दे, फाईल जागेवर ठेवा. मंगळवारी दाखवायला जायचंय."