मदत हवी आहे: सीसीटीव्हीच्या डीव्हीआरच्या (रेकॉर्डरच्या) डॉट 264 व्हिडिओ फाईलमधला आवाज कसा काढायचा?

वरुडकडच्या संत्रा बागेतल्या मोटरचोरीचं फुटेज आहे, डॉट 264 फाईल. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामनं एमपी4 केली की चित्र पळतं. कारण उघड आहे: कच्च्या एच.264 मध्ये (फाईलमधल्या व्हिडिओचा फॉरमॅट) वेळेची नोंद नसते, एफएफएमपेग सेकंदाला 25 फ्रेम धरतं, कॅमेरा 15 वर; 10 मिनिटांची 6 होतात. इनपुटच्या आधी फ्रेमरेट 15 दिला, कोडेक कॉपी ठेवला (म्हणजे चित्र पुन्हा एन्कोड केलं नाही), वेग जमला.

आवाज मात्र येत नाही. डीव्हीआरच्या प्लेअरमध्ये ऐकू येतो, म्हणजे फाईलमध्ये आहे, बहुधा जी.711 या आवाजाच्या फॉरमॅटमध्ये, 8000 हर्ट्झ. फ्रेमांच्या मध्ये डीव्हीआर कंपनीनं घातलेल्या हेडरांतून (माहितीच्या छोट्या तुकड्यांतून) तो वेगळा कसा करायचा?

स्क्रीन रेकॉर्डिंग कृपया सुचवू नका, रात्रीच्या चित्रातला चेहरा आणखी पुसट होतो. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवली आहे, काम कॉपीवरच चाललंय.